मोठा खाऱ्या पाण्याचा टँक, कमी बजेटमध्ये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेसेजमध्ये फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एका जागी लिहून काढले. सगळी उत्तरं ४×२×२ फुटाच्या, फक्त मासे ठेवायच्या टँकला धरून आहेत, कोरलचा टँक नाही. त्याचं कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

१. दादा, बजेट कमी आहे तर आधी दोन फुटी छोटा टँकच करावा ना?

नाही. खाऱ्या पाण्यात छोटा टँकच जास्त अवघड. साठ लिटरच्या टँकमधून उन्हाळ्यात दिवसाला तीन लिटर पाणी उडालं तर पाच टक्के पाणी गेलं, मीठ मात्र आतच राहिलं, म्हणजे खारटपणा लगेच वर. तेच तीन लिटर ४०० लिटरमधून गेले तर एक टक्कासुद्धा नाही. तापमान, अमोनिया सगळ्याचं तसंच, मोठ्या पाण्यात बिघाड हळूहळू होतो आणि तुम्हाला सावरायला वेळ मिळतो. ४×२×२ मध्ये काठोकाठ साधारण ४५० लिटर बसतं, प्रत्यक्षात ३८० ते ४०० धरा. परवडत असेल तर इथूनच सुरू करा, नाहीतर वर्षभर थांबून पैसे साठवा पण दोन फुटीत पैसे घालू नका.

२. एकूण किती लागतील? आणि कुठे वाचवायचे?

जुनं सामान शोधायची आणि थोडं हाताने करायची तयारी असेल तर चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) सोडून लाखाच्या आत बसतं. सगळं नवं, ब्रँडेड घेतलंत तर हाच आकडा दुप्पट-तिप्पट होतो.

वाचवायचं ते काच, स्टँड, संप (खाली ठेवायचा दुसरा टँक), लाइट, दगड यांत. फक्त मासे असले की महागडा कोरल-लाइट लागत नाही, साधा पांढरा-निळा एलईडी पुरतो. आणि जिथे अजिबात वाचवायचं नाही ते म्हणजे मीठ, पाणी, टेस्ट किट, क्वारंटाइन (नवे मासे आधी वेगळ्या डब्यात ठेवणं) आणि लाइट गेल्यावरची सोय. लोक नेमकं उलटं करतात, टँकवर झगमगाट असतो आणि घरात रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) नसतो. टँक उभा करायला लागणारे पैसे एकदाच जातात, तो चालवायचे दर महिन्याला जातात, त्यामुळे बजेट बसवताना आधी महिन्याचा खर्च काढा (प्रश्न ७ आणि १६) आणि तो वर्षभर झेपेल का ते बघा.

३. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, स्लॅबला झेपेल का?

हिशोब करूया. पाणी ४०० किलो, १२ एमएम काच साधारण ९० किलो, दगड ३०-४०, स्टँड ५०, खालचा संप पाण्यासकट १०० च्या आसपास. म्हणजे साडेसहाशे-सातशे किलो, आणि ते सगळं फक्त आठ चौरस फुटांवर, म्हणजे पाऊण चौरस मीटरवर. राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानक २ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरतं, म्हणजे साधारण २०० किलो. तुमचा टँक तेवढ्याशा जागेपुरता त्याच्या चौपटीच्या वर जातो. याचा अर्थ स्लॅब लगेच कोसळेल असा नाही, कारण तो आकडा सगळ्या खोलीभर पसरलेल्या वजनाचा असतो, पण टँक कुठे ठेवता याला फार महत्त्व येतं. बीमवर किंवा बीमच्या अगदी जवळ, भिंतीला समांतर ठेवा. खोलीच्या मधोमध नको, बाल्कनीत तर मुळीच नको, बाल्कनीचा स्लॅब एकाच बाजूने धरलेला असतो. जुनी इमारत, लाकडी तुळयांची चाळ, गळका स्लॅब असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला पैसे देऊन दाखवा, ती फी बजेटमध्येच धरा. भाड्याच्या घरात मालकाला आधी सांगा. तळमजला असेल तर हा प्रश्न सोडून पुढे जा.

४. सेकंडहँड टँक घ्यावा का? काय बघून घ्यायचा?

घ्यावा, सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात. दोन फूट उंचीला १२ एमएम काच आणि वर कडेने काचेच्या पट्ट्या लावलेल्या असाव्यात. कोपऱ्यातलं सिलिकॉन नखाने दाबून बघा, सुटत असेल किंवा आत बुडबुडे दिसत असतील तर टँक पुन्हा जोडावा लागेल आणि त्या हिशोबाने भाव पाडा. घरी आणल्यावर गच्चीत किंवा अंगणात सपाट जागी, खाली थर्माकोल ठेवून, काठोकाठ भरून चार-पाच दिवस तसाच ठेवा. हॉलमध्ये मांडल्यावर गळती कळणं म्हणजे खालच्या शेजाऱ्यांचं छत.

आधीच्या मालकाने त्यात तांब्याचं औषध वापरलं होतं का ते विचारा. काच व्हिनेगरने धुऊन वापरता येते, पण त्याचे जुने दगड आणि वाळू घेऊ नका, तांबं त्यात मुरतं आणि नंतर हळूहळू सुटतं. मासे ते सोसतात, कोळंबी, गोगलगायी, खेकडे मरतात.

५. स्टँड आणि संप घरी करता येतात का?

स्टँड गल्लीतला फॅब्रिकेटर करून देतो. एमएसचा (साध्या पोलादाचा) स्क्वेअर पाइप, वर एपॉक्सी पेंट किंवा पावडर कोटिंग, कारण खाऱ्या पाण्याचे शिंतोडे साधा ऑइलपेंट खाऊन टाकतात. वरून जाड बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणारा) प्लाय, त्यावर थर्माकोल, मग टँक. लेव्हल ट्यूबने चारही कोपरे बघून घ्या.

संप म्हणजे खाली ठेवायचा दुसरा टँक, त्यात गाळणं, स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र), हीटर, रिटर्न पंप (पाणी परत वरच्या टँकमध्ये ढकलणारा). जुना अडीच-तीन फुटी गोड्या पाण्याचा टँक यासाठी मस्त. एकच गोष्ट लक्षात ठेवा, लाइट गेली की वरचं थोडं पाणी पाइपमधून खाली येतं, तेवढी जागा संपमध्ये रिकामी हवीच. रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोक पाडा म्हणजे सायफन तुटतो. सगळं जोडल्यावर मुद्दाम मेन स्विच बंद करून बघा, संप भरून वाहत नाही ना.

६. आम्ही मुंबईत राहतो, समुद्राचं पाणी फुकट आहे, तेच आणलं तर?

किनाऱ्यावरचं नको. जुहू, वर्सोवा, खाडीच्या तोंडाशी सांडपाणी आणि गाळ दोन्ही येतं, आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांच्या पाण्याने खारटपणा एवढा उतरतो की मोजून बघितलं तर थक्क व्हाल. ओळखीचे कोळी बांधव खोल समुद्रातून, पावसाळा सोडून, स्वच्छ कॅनमध्ये आणून देत असतील तर गोष्ट वेगळी. तेही काही दिवस अंधारात ठेवून, वरचं नितळ पाणी गाळून, खारटपणा मोजूनच वापरा. दर पंधरा दिवसांनी पन्नास लिटर जिना चढवून आणणं दोन महिन्यांत नकोसं होतं, म्हणून बहुतेक जण शेवटी पाकिटातल्या मिठावरच येतात.

७. मग मीठ तरी खडे मीठ वापरून चालेल का? भांडुप-मुलुंडच्या मिठागरातलं शुद्ध समुद्राचंच असतं की!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचार चुकीचा नाहीये, पण उत्तर नाही असंच आहे. मिठागरात पाणी आटवत नेतात तेव्हा आधी कॅल्शियमचे क्षार खाली बसतात, मग मीठ जमतं, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडवट पाण्यात राहून जातं, ते पाणी सोडून देतात. म्हणजे तुमच्या हातात येतं ते जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, शिवाय पीएच ८.१-८.३ वर धरून ठेवणारे कार्बोनेट. ते नसले तर पीएच घसरत जातो. आयोडीनयुक्त पुडीचं मीठ तर नकोच.

ॲक्वेरियमचं सिंथेटिक मीठच घ्या, मोठी बादली किंवा गोणी घेतली की किलोमागे स्वस्त पडतं. लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम, म्हणजे ४०० लिटरला पहिल्यांदा साधारण १५ किलो. नंतर महिन्याला शंभर लिटर पाणी बदललंत तर पावणेचार किलोच्या आसपास. दोघा-तिघा हौशींनी मिळून मोठी गोणी मागवली तर अजून परवडतं.

८. घरच्या आरओचं पाणी चालतं का?

चालतं, पण घरच्या बहुतेक मशीनमध्ये चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, आणि मिनरलची नळकांडी पण असते. प्यायला ते बरोबर आहे, टँकला नाही. टेक्निशियनकडून पाण्याची वेगळी लाइन थेट मेंब्रेननंतर (आरओच्या मुख्य गाळणीनंतर) काढून घ्या आणि तिला डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषणारं) नळकांडं जोडा, टीडीएस शून्य ते पाच यायला हवा. टीडीएस मीटर स्वस्त असतो, घ्याच. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर डीआय लवकर संपतं हे धरून चाला. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरा, उन्हाळ्यात पाणीकपातीच्या दिवसांत तर घरच्यांना ते पटवून द्यावंच लागतं.

मीठ कालवताना बादलीत पंप सोडून आदल्या दिवशी कालवा. टँकमध्ये मासे असताना मीठ थेट ओतायचं नाही.

९. लाइव्ह रॉक (समुद्रातला, जीव वसलेला दगड) आणि कोरल का नाही? दुकानात तर मिळतात.

दुकानात मिळणं आणि कायद्यात बसणं वेगळं. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये दगडी कोरल, ब्लॅक कोरल, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि सी फॅन आहेत. समुद्रघोडे आणि पाइपफिश त्याच यादीत, समुद्री काकड्याही. वाघ ज्या यादीत आहे तीच ही. समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक म्हणजे बहुतेकदा कोरलचाच सांगाडा, आणि शोकेसमधलं वाळलेलं पांढरं कोरलसुद्धा त्यात येतं. आपल्या मालवणच्या समुद्रातही कोरल आहेत, ज्यांनी स्नॉर्केलिंग करताना पाहिलीत त्यांना सांगायला नको की ती वाढायला किती वर्षं लागतात. ती तिथेच राहू द्या, कळकळीची विनंती.

त्याऐवजी सच्छिद्र सिरॅमिकचे तयार दगड घ्या किंवा घरी बनवा (प्रश्न १८). बॅक्टेरियाला राहायला पृष्ठभाग हवा, तो यातही मिळतो, फक्त सायकलला (प्रश्न १०) वेळ लागतो. वाळू नसली तरी चालतं, नुसती काच साफ ठेवायला सोपी. कोकणातल्या बीचवरून वाळू भरून आणू नका, किनाऱ्यावरून वाळू काढायला सीआरझेडची (किनारपट्टी नियमनाच्या नियमांची) बंधनं आहेत.

१०. सायकलिंग म्हणजे नेमकं काय करायचं? किती दिवस?

माशांच्या विष्ठेतून अमोनिया येतो, एका जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. हे बॅक्टेरिया पुरेसे वाढेपर्यंत मासे सोडायचे नाहीत. खाऱ्या पाण्याचा पीएच जास्त असल्यामुळे तोच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त विषारी ठरतो, म्हणून इथे घाई केली की मासे जातात.

सोपी पद्धत, बाजारातली एक कोळंबी पातळ कापडात बांधून टँकमध्ये सोडा आणि कुजू द्या. जास्त काटेकोर पद्धत म्हणजे नवसागर (अमोनियम क्लोराइड), पण कल्हईवाला वापरतो तो नव्हे, केमिकलच्या दुकानातला लॅब ग्रेड. ४०० लिटरला अडीच ग्रॅम टाकला की अमोनिया साधारण २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) होतो. स्किमर बंद, लाइट बंद, पंप आणि हीटर चालू. घातलेला २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य दिसलं की सायकल झाली. चार ते सहा आठवडे धरा, कोरड्या दगडांवर कधी जास्तही. बाटलीतल्या बॅक्टेरियाने वेळ थोडा कमी होतो, टेस्ट करणं टळत नाही.

११. माझं नायट्राइट तीन आठवडे खाली येतच नाहीये, टँक बिघडला का?

नाही, नायट्राइट खाणारे बॅक्टेरिया उशिरा वाढतात. नवसागर टाकणं थांबवा आणि वाट बघा. खाऱ्या पाण्यात क्लोराइड भरपूर असल्यामुळे नायट्राइट माशांना गोड्या पाण्याइतकं घातक नसतं, पण म्हणून मासे सोडायची घाई नको, सायकल अर्धवट आहे एवढं ते सांगतंच.

१२. चिलर घ्यावाच लागतो का?

कुठे राहता त्यावर आहे. पाणी २५ ते २७ अंश हवं. नाशिक-पुण्यात संपवर दोन छोटे पंखे लावले की पाणी उडून दोन ते चार अंश उतरतं आणि एप्रिल-मे सोडून निभतं. मुंबई, ठाणे, रत्नागिरीला हवेतच दमटपणा असल्याने पंख्याचा जोर कमी पडतो. नागपूर-अकोल्याला हवा कोरडी म्हणून पंखा चांगला चालतो, पण पारा पंचेचाळीसला गेल्यावर त्याचंही काही चालत नाही. मुंबई किंवा विदर्भात असाल तर सेकंडहँड चिलर बजेटमध्ये धराच, किंवा टँक एसीच्या खोलीत ठेवा.

पंखा लावला की पाणी जास्त उडतं, रोज भरावं लागतं, आणि भरायचं ते बिनमिठाचं आरओ पाणी. खारं पाणी भरत राहिलात तर खारटपणा चढत जातो. थंडीसाठी एका मोठ्या हीटरपेक्षा २०० वॉटचे दोन घ्या, एक बिघडून चालूच राहिला तरी तो एकटा पाणी उकळवत नाही.

१३. नेमो आणि डोरी दोन्ही पाहिजेत, मुलांनी हट्ट धरलाय.

नेमो हो, डोरी नाही. नेमो म्हणजे ओसेलारिस क्लाउनफिश, जोडी ठेवा, हॅचरीत वाढवलेली मागा. ॲनिमोन (नेमो ज्याच्यात राहतो तो समुद्री जीव) लागत नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिश आणि डॅमसेलच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडेच बसवलंय, आणि ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशनच्या केंद्रातही शोभेच्या समुद्री माशांची हॅचरी झाली. असे मासे पेलेट (दाणेदार खाणं) लगेच खातात आणि समुद्रही ओरबाडला जात नाही. डोरी, म्हणजे ब्लू टँग, फूटभर वाढतो आणि त्याला पोहायला सहा फूट तरी लांबी हवी. दुकानात दोन इंची असतो म्हणून फसू नका.

४×२×२ साठी मला आवडणारा संच असा: क्लाउनची जोडी, दोन फायरफिश, एक लॉनमोवर ब्लेनी, एक गोबी, एक छोटा रास, आणि सहा महिन्यांनी सगळं स्थिर झाल्यावर एक कोरल ब्यूटी एंजल. शांत मासे आधी, भांडखोर शेवटी. स्वस्त म्हणून निळे डॅमसेल किंवा डोमिनो आधी सोडलेत तर ते टँक आपलाच समजतात आणि मागून आलेल्यांना मारतात, त्यांना पकडायला मग सगळे दगड बाहेर काढावे लागतात. मँडरिन मासा कोपेपॉड नावाच्या बारीक जिवंत किड्यांवर जगतो, नव्या टँकमध्ये उपाशी मरतो. क्लीनर रास आणि मूरिश आयडॉलही घेऊ नका.

फायरफिश उडी मारतात. वर ॲल्युमिनियमच्या चौकटीत नायलॉनची मच्छरजाळी ताणून बसवा, काचेच्या झाकणापेक्षा स्वस्त आणि हवा खेळती राहते.

१४. कुर्ला मार्केटमधून मासे घेतले तर चालतील का? क्वारंटाइन खरंच लागतं?

कुर्ला असो, क्रॉफर्ड मार्केट असो की ऑनलाइन, दुकानदाराला मासा खाऊन दाखवायला सांगा. खात नसेल, श्वास जोरात चालला असेल, पोट आत गेलं असेल तर घेऊ नका, दया येऊन तर नाहीच.

क्वारंटाइन लागतंच. ५०-६० लिटरचा प्लास्टिकचा डबा, स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, एवढंच. स्पंज आधीपासून संपमध्ये ठेवा म्हणजे त्यावर बॅक्टेरिया बसलेले असतात. चार ते सहा आठवडे तिथे. दुकानात खारटपणा बरेचदा मुद्दाम कमी ठेवलेला असतो, म्हणून पिशवीतलं पाणी मोजा, डब्यातलं त्याच आकड्यावर आणा आणि मग रोज थोडं थोडं वाढवत १.०२५ पर्यंत (रिफ्रॅक्टोमीटरवरची घनता, समुद्राइतका खारटपणा) न्या. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

१५. माशावर मिठासारखे पांढरे ठिपके आलेत, काय टाकू?

मोठ्या टँकमध्ये काहीही टाकू नका. हा बहुतेक क्रिप्टोकॅरियन, खाऱ्या पाण्यातला इच. सगळे मासे क्वारंटाइन डब्यात काढा आणि मोठा टँक माशांशिवाय ७६ दिवस तसाच चालू ठेवा, यजमान नसला की परजीवी संपतो. डब्यात तांब्याचं औषध पाकिटावरच्या मात्रेने, आणि तांब्याचं टेस्ट किट असेल तरच. स्वस्तातला दुसरा मार्ग म्हणजे खारटपणा हळूहळू १.००९ ला उतरवून किमान चार आठवडे तिथेच धरणं, त्याला रिफ्रॅक्टोमीटर अचूक हवा आणि पीएचवर लक्ष हवं.

ठिपके पिठासारखे बारीक असतील, मासा धापा टाकत असेल आणि एक-दोन दिवसांत मासे मरायला लागले तर तो व्हेल्वेट, दुसराच परजीवी, त्यावर कमी खारटपणा चालत नाही, थेट तांबं.

१६. वीजबिल किती वाढेल?

रिटर्न पंप ४० वॉट दिवसरात्र म्हणजे महिन्याला २९ युनिट. दोन वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह तयार करणारे छोटे पंप) मिळून २० वॉट, १४ युनिट. स्किमर १५ वॉट, ११ युनिट. लाइट ६० वॉट आठ तास, १४ युनिट. झाले ७० च्या आसपास. ३०० वॉटचा चिलर दिवसाला दहा तास चालला तर वर अजून ९०. महावितरणचे स्लॅब १०० आणि ३०० युनिटला बदलतात, त्यामुळे टँकचे युनिट तुमच्या वरच्या स्लॅबच्या दराने धरा. आणि ३० मिलिअँपची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग नसेल तर आधी ते करा, खारं पाणी आणि वीज जवळजवळ आहेत, घरात लहान मुलं आहेत.

१७. लाइट गेली तर मासे किती वेळ टिकतात?

सगळ्यात आधी ऑक्सिजन संपतो, फिल्टर नंतर. घरच्या इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर जोडा, तोंड पाण्याच्या पृष्ठभागाकडे, दहा वॉटच लागतात म्हणजे रात्र निघते. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप. लाइट नसताना खाणं घालू नका.

१८. पांढऱ्या सिमेंटचे दगड घरी केले तर?

चालतात, पण सबुरी पाहिजे. पांढरं सिमेंट, बारीक केलेले शिंपले आणि जाडं मीठ कालवून ओबडधोबड गोळे करा, नंतर पाण्यात ठेवले की मीठ विरघळून भोकं पडतात. सिमेंटमुळे पाण्याचा पीएच खूप चढतो, म्हणून पाणी बदलत बदलत दोन महिने भिजवा. ताज्या पाण्यात दोन दिवस ठेवूनही पीएच चढला नाही तरच टँकमध्ये.

१९. घरात पेस्ट कंट्रोल आहे, आणि रोज मच्छर मारायचं लिक्विड पण लावतो.

त्यातली पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं माणसाला फारसं करत नाहीत पण मासे आणि कोळंबीला अगदी थोडीही घातक. टँकच्या खोलीत कॉइल, लिक्विड, स्प्रे बंद, खिडक्यांना जाळी लावा. पेस्ट कंट्रोलवाल्याला त्या खोलीत फक्त जेल लावायला सांगा. हातावर सॅनिटायझर, क्रीम असेल तर टँकमध्ये हात घालू नका.

२०. गणपतीला आठवडाभर गावी जातो, काय करायचं?

मोठे निरोगी मासे तीन-चार दिवस बिनखाण्याचे राहतात, पुढच्या दिवसांसाठी दिवसागणिक छोट्या पुड्या बांधून शेजारच्या काकूंकडे द्या, डबा देऊ नका, प्रेमापोटी जास्त घातलं जातं. उडालेलं पाणी भरायला फ्लोट व्हॉल्व्ह लावलेली आरओची टाकी ठेवा, आणि टाकी छोटीच ठेवा, व्हॉल्व्ह अडकला तरी सगळं मिळून दहा-पंधरा लिटरच आत जाईल.

२१. घर बदलायचंय, टँक कसा हलवायचा?

भरलेला तर नाहीच, थोडं पाणी ठेवूनही नाही, तळाची काच तडकते. आदल्या दिवशी खाणं बंद. शक्य तेवढं जुनं पाणी झाकणाच्या स्वच्छ पिंपांत भरा. दगड त्याच पाण्यात बुडवून न्या, उघड्यावर वाळले तर बॅक्टेरिया मरतात. मासे वेगळ्या डब्यात बॅटरीच्या एअर पंपासह, आणि ते गाडीत तुमच्यासोबत, टेम्पोत नाही. नव्या घरी निम्मं-अर्धं नवं पाणी आधीच कालवून तयार असावं. पंप चालू झाल्यावर तापमान आणि खारटपणा जुळला की मासे सोडा, आणि पुढचा आठवडा रोज अमोनिया तपासा. वाळू असेल तर जुनी टाकून द्या किंवा पूर्ण धुऊन घ्या, तळातला साचलेला गाळ ढवळला गेला की त्याच रात्री मासे मरू शकतात.